संघमित्राची दोन मिनिटं

सुयोगने घंटा अगदी वेळेवर वाजवली, चूक झाली ती तिथेच.

घाटकोपरला म्हाडाच्या जुन्या इमारतींमधल्या पटांगणात नवयुवक विचार मंडळाची वादविवाद स्पर्धा चालली होती. मंडळातला सगळ्यात तरुण पदाधिकारी एक्कावन्न वर्षांचा, त्यामुळे नवयुवक कोण, हा प्रश्न सहसा कोणी काढत नसे. सुयोगचे मामा धोंडू हे मंडळाचे सरचिटणीस. गिरणी बंद पडल्यापासून ते कशाचे ना कशाचे सरचिटणीस आहेत. भाचा कणकवलीहून नोकरीसाठी आला आणि त्यांच्याकडे राहिला, म्हणून घड्याळ आणि घंटा त्याच्या गळ्यात. शाळेतही तो हेच करायचा. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याला घंटेपाशी बसवायची, अशी त्या शाळेची रीतच होती.

विषय होता, लोकसभेच्या उमेदवाराचं किमान वय पंचविसावरून एकवीस करावं. प्रत्येकाला पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, पाचव्याला शेवटची.

बाजूने बोलायला संघमित्रा उठली. वय बावीस. एका लॅबसाठी ती सकाळी सहापासून घरोघर फिरून रक्ताचे नमुने घेते. अख्ख्या वसाहतीला ती दंडानिशी ओळखते. कोणाची शीर कुठे सापडते हे तिला पाठ, आणि कोणाचं मत कुठे पडतं तेही. सुई टोचलेली असताना माणूस वाद घालत नाही, हे तिला कामाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं. तेव्हापासून ती त्या मिनिटात मतदारयादी, महागाई, परीक्षांचे फुटलेले पेपर असं काही ना काही काढते. अठरा पूर्ण झालेल्या अकरा पोरापोरींची नावं तिने अशीच, हात धरून, यादीत घालायला लावली. तिची आजी सुंदराबाई म्हणते, “आमची संघू रक्त घेती आन् डोकं देती.”

“अठराव्या वर्षी खासदार निवडायची अक्कल आम्हाला असते,” संघमित्रा म्हणाली, “मग पुढची सात वर्षं कसली शिक्षा?” मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिचा सूर लागला. आणि अडीच मिनिटं होताच माजी नगरसेवक शिवदासभाऊ आले.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले होते, म्हणजे तसे वेळेवरच. निवेदकाने संघमित्राच्या हातून माइक अलगद काढून घेतला. शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाला. फोटोत भाऊंचे डोळे मिटले म्हणून पुन्हा झाला. या गडबडीत चौथं मिनिट भरलं. सुयोगने इशाऱ्याची घंटा वाजवली. सत्कार आहे म्हणून घंटा, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइक परत आला, संघमित्रा म्हणाली, “तर मी म्हणत होते,” आणि अर्ध्या मिनिटात शेवटची घंटा झाली. नियम म्हणजे नियम. ती खाली बसली.

घड्याळ थांबवायचं असतं हे सुयोगला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याच्या शाळेत पंचायत समितीचे सभापती आले की बोलणारा मुलगा हात जोडून उभा राहायचा आणि त्याचा वेळ जायचा. सुयोगला वाटायचं, लोकशाहीत असंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामांची उपाशीपोटीची साखर तपासायला दारात हजर.

“मामा, मूठ आवळा,” असं म्हणून तिने सुई टोचली आणि सुयोगकडे बघितलं. “तू माझी दोन मिनिटं खाल्लीस.”

“मी? ती तर शिवदासभाऊंनी...”

“भाऊ खाणारच रे. त्यांचं ते कामच आहे. घड्याळ कोणाच्या हातात होतं?”

“तुका कित्याक व्हयी ही भानगड?” मामा भाच्याला म्हणाले. हात अडकलेला, नाहीतर उठून गेले असते.

“राहिलं काय होतं तुझं बोलायचं?” सुयोगने विचारलं.

“मुद्दा. दिल्ली लांब आहे, आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत तरी पंचविशीच्या आतलं कोणीतरी घ्या. आणि मला घ्या. हे सगळ्यांसमोर मागायचं होतं. कानात सांगितलं की कानातच राहतं.”

मामांनी सुई निघाली की नाही, एवढंच विचारलं.

बक्षीस समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत सुयोगने गुपचूप एक ओळ घुसवली. भाऊंचं मनोगत, मग संघमित्रा दोन मिनिटं, मग अल्पोपाहार. मनोगत पस्तीस मिनिटं चाललं आणि तेवढ्यात बटाटेवडे आले. वडे गार होतायत म्हटल्यावर या वसाहतीत कोणतीच विचारसरणी टिकत नाही.

राहिली वार्षिक सभा. विषयपत्रिकेच्या तळाशी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असतात, म्हणजे लोक चपला शोधत असतात तेव्हाचे. संघमित्रा उठली. सुयोगने दोन मिनिटांचं घड्याळ लावलं आणि दारावर एक डोळा ठेवला. पाहुणा दिसला की घड्याळ बंद, एवढं त्याने मनाशी ठरवलं होतं.

पाहुणा आला नाही. ती बोलत गेली. लोक चपला सोडून ऐकायला लागले. “कार्यकारिणीत पंचविशीच्या आतलं एक तरी माणूस हवं,” इथवर ती पोचली. एक मिनिट दहा सेकंद झाले होते. मामा ताडकन उठले.

“मुद्दा पटलो! तरुण रक्त व्हयाच. मी आमच्या सुयोगाचा नाव सुचवतंय. गुणी झील, कधी मधे बोलणा नाय.”

अनुमोदन आलं. टाळ्या पडल्या. संघमित्रा उभीच होती, तोंडात पुढचं वाक्य तसंच.

सुयोगला ओरडायचं होतं, थांबा, तिचं संपलेलं नाही, नाव तिचं घ्या. त्याने तोंड उघडलं. तोंडातून काही फुटेना तेव्हा हाताने सवयीचं काम केलं. त्याने जोरात घंटा वाजवली.

सभा संपली म्हणून सगळे चहाला उठले.

तीन महिन्यांनी ती मामांची साखर पुन्हा तपासायला आली. सुयोगनेही शर्टाची बाही वर केली. त्याला कुठलाच आजार नव्हता. पण बोलायला दुसरी जागा सुचत नव्हती.

“ठराव मांडला काल,” तो म्हणाला. “तोंडाने. पाहुणे आले की घड्याळ थांबवायचं. एकमताने पास.”

“झकास. आणि माझी जागा?”

“मी राजीनामा देतो म्हटलं. मंडळाच्या घटनेत बसत नाही म्हणाले. पुढच्या सभेपर्यंत मीच.”

तिने त्याच्या दंडाला पट्टा आवळला. “मग माझे पन्नास सेकंद?”

“आत्ता बोल ना. मी कुठे पळतोय?”

“तुला एकट्याला सांगून काय करू? ते सगळ्यांसमोरचे आहेत.” नळी भरली. तिने सुई काढली आणि वर कापूस ठेवला. “दाबून धर. दोन मिनिटं.”

सुयोगने घड्याळ लावलं.