चांद्यात समुद्र खारट ठेवताना

"मेला काय रे हा?" साहेबांनी काचेला नाक लावून विचारलं.

"नाही साहेब, सुस्तावलाय," मी म्हणालो. मला तरी कुठं माहीत होतं!

हा म्हणजे तारामासा. विटकरी रंगाचा, पाच हातांचा. आदल्या दिवसापर्यंत ऐटीत काचेवर चढायचा. आता वाळूवर ओल्या फडक्यासारखा पडला होता. दोन ठिपकेवाले मासेही कोपऱ्यात तोंड खुपसून उभे. आणि रविवारी मुंबईचे मोठे अधिकारी ही टाकी बघायला येणार होते.

"रविवारी हा असाच दिसला तर तुझं कन्फर्मेशन विसर," साहेब म्हणाले आणि चहाला गेले. नोकरी टेम्पररी, घरी सहा महिन्यांची पोरगी.

चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. आता आपल्या राज्याला समुद्र आहे, तर तो इथल्या लोकांना दाखवा, अशी वरून टूम निघाली. कृषी प्रदर्शनात खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची. मांडणार कोण? मत्स्य खात्यातला मी. समुद्र मी स्वतः एकदाच पाहिला होता, ट्रेनिंगला गेलो तेव्हा.

पाणी मुंबईहून रेल्वेनं आलं, मोठमोठ्या काचेच्या बुधल्यांत. पत्र्याचे डबे चालत नाहीत. खारं पाणी पत्र्याला खातं आणि ते पाणी मग माशांना खातं. म्हणून टाकीची चौकटही आपल्या सागाची केली. वाळू इतकी धुतली की गाळ म्हणून उरला नाही. मैदानावर वीज नव्हती, पण माशांना पाण्यात हवा तर लागतेच. मग ट्रकची ट्यूब फुगवायची, तिला बारीक रबरी नळी जोडायची आणि नळीला चिमटा. बुडबुड करत हवा जात राहते. ट्यूब बसली की पुन्हा पंप मारा. पंप मारून मारून माझे दंड असे झाले की बायको म्हणाली, नोकरी बरी आहे ही!

पाणी किती खारं आहे ते हायड्रोमीटरनं कळतं. दूध तपासायला काचेची नळी बुडवतात ना, तिचीच ही बहीण. खारट पाण्यात वर तरंगते, पातळ पाण्यात खाली बसते. उन्हानं पाणी उडतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं विहिरीचं गोडं पाणी रोज टाकायचं, की खारटपणा जिथल्या तिथं. टाकीवर चुन्याची खूण केली आणि चौकीदार लटारूभाऊला सांगून ठेवलं: सकाळी पाणी खुणेपर्यंत आणायचं. तो बिचारा इमानदारीनं आणायचा.

साहेब गेल्यावर नळी बुडवली. ती खाली बसली! आमचा समुद्र पातळ झाला होता. टाकी गळते की काय म्हणून खालची माती चाचपली, तर कोरडी ठणठणीत. नळीच बिघडली असेल म्हणून शिल्लक बुधल्यात बुडवली, तर तिथं बरोबर दाखवते. मग मीठ जातं कुठं?

दुपारी कनातीमागं जाऊन बसलो आणि फटीतून पाहिलं. टाकीपुढं रांग होती. काय शिस्त हो! एकेक जण पुढं यायचा, लटारूभाऊ टाकीत गिलास बुडवून त्याच्या ओंजळीत घोटभर ओतायचा. माणूस चाखायचा, तोंड वाकडं करायचा, मागचे खदखदा हसायचे. एका बाईनं तर सासूसाठी लोटाभर भरून घेतलं, तिला म्हणे चालवत नव्हतं.

मी तीरासारखा बाहेर आलो. "लटारूभाऊ, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"काई नाई साहेब. लोकं इचारतेत, हे समुंदरच हाये कशावरून? मी म्हटलं, चाखून पाहा. चाखल्याबिगर कसं समजन?"

"अन् मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलंच कुठी?"

उन्हानं उडालेलं पाणी मीठ मागं ठेवतं. लोकांनी प्यायलेलं पाणी मिठासकट पोटात जातं. त्या जागी रोज गोडं पाणी पडत होतं, माझ्याच हुकमानं.

साहेबांना सांगितलं तर ते भडकले. "टाकीवर फळ्या ठोका, दोर बांधा, पोलीस उभा करा!"

"साहेब, लोक पोंभुर्ण्याहून, गडचिरोलीहून बैलबंड्या जुंपून आलेत. समुद्र न चाखता जायचे नाहीत ते. पोलीसच आधी चाखेल."

"मग काय, सगळ्यांना पाजणार?"

"हो," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं खरं, पण तेवढ्यात युक्तीही सुचली.

टाकीतलं पातळ पाणी थोडंथोडं काढलं आणि शिल्लक बुधल्यांतलं खारं थोडंथोडं घातलं. एकदम घातलं तर माशांना झटका बसतो. काढलेलं पाणी गाळलं आणि गूळवाल्याच्या कढईत खदखदा उकळलं. थोडं पाणी आटलं, मीठ तेवढंच राहिलं, चव पुन्हा जशीच्या तशी. ते रांजणात भरून टाकीपासून लांब ठेवलं. शेजारी पळसाचे द्रोण आणि लटारूभाऊ. टाकीला मग कोणी बोटही लावलं नाही.

एक ठिपकेवाला मासा मात्र गेलाच. वाईट वाटलं. पण शनिवारी संध्याकाळी तारामाशानं एक हात हलवला, मग दुसरा, आणि लागला काचेवर चढायला. मी असा ओरडलो की बाजूच्या मंडपातले बैल बुजले!

रविवारी मुंबईचे साहेब आले. टाकी पाहिली, मान हलवली आणि रांजणापाशी गर्दी बघून तिकडे वळले. एक म्हातारी नुकतीच चाखून थुंकत होती.

"थू! हे सारं पाणी असंच असते का जी?"

"सगळं असंच, बाई," मुंबईचे साहेब म्हणाले. "नजर पोचेल तिथपर्यंत."

"मंग तुम्ही पेता काय?"

"नळाला येतं ना पाणी."

"अगा माय! एवढ्या पाण्याजवळ राहून नळाची वाट पाहाची? त्यापरीस इकडंच या न राहाले."

सगळे हसले. मुंबईचे साहेबही पोट धरून हसले आणि त्यांनी स्वतःच एक द्रोण मागून घेतला. "ही रांजणाची कल्पना कोणाची?"

"आमचीच, सर," आमचे साहेब चटकन पुढं होऊन म्हणाले.

त्यांना शाबासकी मिळाली. मला कन्फर्मेशन मिळालं, आणि घरी पेढे आले. माझी काही तक्रार नाही.

पुढं कितीतरी टाक्या मांडल्या. नव्या इन्स्पेक्टरांना मी एवढंच सांगायचो: पाणी, वाळू, मासे नंतर बघू. आधी लोकांना या टाकीचं काय करावंसं वाटेल ते शोधा, आणि त्याची सोय टाकीपासून दहा हात लांब करून ठेवा.