चार मतांची काकू

सुमनकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका प्रचारसभेच्या स्टेजवर बसलो होतो, गळ्यात दुसऱ्याच्या पॅनेलचं उपरणं. महापालिकेची निवडणूक कित्येक वर्षांनी लागली होती आणि पडलेल्या जुन्या उमेदवाराला अशा वेळी एवढंच काम असतं, खुर्ची भरायची आणि टाळ्या वाजवायच्या. फोन ऐकून मी खाली उतरलो. कुणी थांबवलंही नाही...

काकू म्हणजे माझी चुलती. निगडीच्या पलीकडे आमचं जुनं गाव. शेतं गेली, त्या जागी भावकीने भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यांत मराठवाड्यातून आलेली कुटुंबं राहतात. पुरुष सकाळीच कंपनीच्या बसने चाकणला जातात, बायका दुपारी जरा मोकळ्या होतात. ती दुपार काकूची असे, त्या वेळात ती त्यांना मत कसं द्यायचं ते शिकवायची. याचं मूळ एका फजितीत होतं. प्रभागातून दोन नगरसेवक निवडायचे होते त्या वर्षी काकू एकच बटण दाबून बाहेर निघाली. "अहो मावशी, मत अर्धंच राहिलं तुमचं," म्हणून मतदान केंद्रावरच्या साहेबांनी तिला परत बोलावलं आणि सगळी रांग हसली. मीही हसलो होतो. पुढच्या निवडणुकीत दोनाची चार मतं झाली, तेव्हा काकूने साडीच्या खोक्याचं मतदान यंत्र केलं. पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा असे चार कागद आणि त्यांवर शिवलेली शर्टाची बटणं. चिन्हांची पंचाईत होती. कपबशी, शिट्टी, पंखा, काही घ्यावं तर ते कुणाचं तरी असतंच. म्हणून तिने भाज्या काढल्या, तर निवडणूक आयोगाच्या चिन्हांच्या यादीत नेमकी ढोबळी मिरची निघाली. काकूने सुरीने मिरची खरवडून तिथे कारलं चिकटवलं. "कारल्याला कोण मत देणार, काकू?" बायका हसायच्या. "त्याला बी उभं ऱ्हाऊ द्या की," ती म्हणायची. "पन चार बटनं दाबल्याबिगर निघायचं न्हाई. आन् चारी मतं एकाच पाटीत टाकली पायजेत असं बी काय न्हाई."

हे शेवटचं मला नडलं, कारण त्या वर्षी मी उभा होतो. खोल्या आमच्या म्हणजे मतंही आमची, हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. पॅनेलचा प्रचारही एका ओळीचा होता, चारही बटणं आपलीच. मी काकूला म्हणालो, "घरचा माणूस उभा आहे, निदान या खेपेला तो खोका माळ्यावर टाक." ती म्हणाली, "त्यांना समदी म्हायती झाली, तर तुझं काय जानार हाय?" माझी जागा गेली. पॅनेलचे बाकी तिघे निवडून आले, मी एकटा थोडक्यात पडलो. लोकांनी माणूस बघून वेगवेगळी मतं दिली होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण खापर फोडायला काकू होतीच. तिच्या ओट्यावरचा माझा चहा बंद झाला तो कित्येक वर्षं. आज लिहिताना लाज वाटते.

यंदा निवडणूक लागली तसा तिच्याकडे गेलो. ती खाटेवर होती. आजारपणाची चौकशी हे निमित्त, खरं म्हणजे खोल्यांमधली तिची वट पॅनेलच्या कामी यावी, एवढ्यासाठी गेलो होतो. उठताना न राहवून विचारलं, "काकू, तू तरी मला दिलं होतंस ना?" गावात ज्याला विचारावं तो "भाऊ, तुम्हालाच" म्हणतो, ती सगळी मतं खरी असती तर मी महापौर झालो असतो. "न्हाई, दत्ता," काकू म्हणाली. "तू त्या बायांच्या दारात गेलास, पन त्यांना कंदी काय इचारलं न्हाईस. नुसतं सांगून आलास." मग म्हणाली, "च्या घेऊन जा." मी घेतला. ती शेवटची भेट.

आमच्याकडे दहाव्याला घाटावर माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर कुणाचा दहावा उमेदवारांवाचून जात नाही. एक उमेदवार म्हणाला, मावशींचा आशीर्वाद आमच्याच पॅनेलला होता. त्याच्यानंतर उठलेला समोरच्या पॅनेलचा उमेदवारही शब्दशः तेच म्हणाला. जिने जन्मात कुणाला 'याला दे' म्हणून सांगितलं नाही, तिला दोघं आपापल्या बाजूला ओढत होते. मला राग यायला हवा होता. पण राग येण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं... कुटुंबातर्फे आभार माझ्याकडे होते. माइक हातात घेतला आणि म्हणालो, "काकूने मला मत दिलं नव्हतं. का नाही, तेही तिने मला तोंडावर सांगितलं. बाकी तिचं मत कुणाला होतं, हे इथे कुणालाच माहीत नाही." आभार मानायचे राहूनच गेले.

लोक पांगले. भावकीतलं कुणी माझ्याशी बोलेना. खोल्यांमधली रेखा, लातूरकडची, मागे दोघीजणींना घेऊन माझ्याकडे आली. आता ही 'भाऊ, तुमालाच' म्हणणार, म्हणून मी मान हलवायची तयारी केली.

"म्या बी नव्हतं दिलं, भाऊ," ती म्हणाली. मागच्या दोघी खाली बघत राहिल्या.

"का?" मी विचारलं.

हा माणूस खरंच विचारतोय की काय, अशा नजरेने तिने मला निरखलं. मग मंडपवाल्याने उचलायला घेतलेल्या दोन खुर्च्या तिने परत मांडून घेतल्या.

"बसा," ती म्हणाली. "येळ लागंल."