एक जण गप्प राहिला तर

आबा राऊळ बोलताना मध्येच थांबायचे आणि समोरच्याकडे बघत राहायचे. आपण 'व्हय' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य मिळायचं नाही. मी गिरगावातून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, तेव्हा हे शेजारी दारात उभे राहून म्हणाले, "मी राऊळ, बाजूच्या खोलीतलो." आणि थांबले. मला वाटलं, काहीतरी मागायला आलेत. मी वाटीभर साखर दिली. ती घेऊन ते गेलेही.

आबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते आणि गणपतीत चाळीचं नाटक लिहायचे. ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. चाळीत दोन युनियनांची माणसं होती आणि ती एकमेकांच्या घरचा चहा पीत नव्हती. आबांना ती सगळी एकाच नाटकात हवी होती. म्हणून त्यांनी जादूगारांचा देश काढला. "हयच्या गावाचा नाव घातलंय तर मारामारी होतली," म्हणाले.

झगे मी शिवत होते, त्यामुळे कोण कुठल्या गटाचा हे मला कळायला हवं होतं. आधी जादूगारांची घराणी होती, अग्नीवाले आणि पाणीवाले. मग आबा एका सभेहून आले आणि घराणी मोडून त्यांनी भाषावार प्रांत केले. पुढे जादूगारांची युनियन झाली आणि लगेच फुटली.

"आबा, तांबडे झगे किती, निळे किती?"

"सगळे एकाच रंगाचे कर."

"मग ओळखायचं कसं?"

"माकाच अजून वळाख पटली नाय, बाय."

एक नियम मात्र कधी बदलला नाही. एकट्याचा मंत्र चालत नाही. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात तसा एकाने तो म्हणायचा आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. "एक जरी गप रवलो, तर मंत्र फुकट." शेवटी दुष्ट प्रमुख, म्हणजे आबाच, राज्य तोडायचा मंत्र घालणार, दोन्ही युनियनांचे जादूगार मिळून गप्प राहणार आणि प्रमुख कोसळणार. त्या एका गप्प राहण्यासाठी सगळा खटाटोप होता.

प्रयोगात आबांनी हात वर केले. "बा देवा म्हाराजा, ह्या राज्याचे दोन तुकडे होऊंदेत रे म्हाराजा!"

जादूगार ठरल्याप्रमाणे गप्प राहिले. पण समोर बसलेली सगळी चाळ, जन्माची सवय, एका सुरात गरजली, "व्हय म्हाराजा!"

आता राज्य तुटलं की नाही? मला कळेना, जादूगारांनाही कळेना. एक जण कुजबुजला, "आबानू, पडू नकात, मंत्र लागलो!" दुसरा म्हणाला, "पडा, पडा!" आबा कमरेवर हात ठेवून पुढे आले आणि प्रेक्षकांवर ओरडले, "तुमका कोणी इचारल्यान?"

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी दोन्ही युनियनांची माणसं, चूक नाटकाची की लोकांची, यावर तावातावाने भांडत होती. पण चहा एकाच किटलीतला होता. आबा म्हणाले, "झाला काय, तां माका समाजला नाय. पण झाला."

पुढे काही वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. चाळ त्यांच्या खोलीत जमली आणि एका म्हाताऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "आबाक बरो कर रे म्हाराजा." आम्ही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. आबांचे ओठ मात्र हलले नाहीत. ताकद नव्हती, की स्वतःचा नियम आठवला होता, कोण जाणे.

लोक निघून गेले तरी ते माझ्याकडे बघत थांबले होते. मी वाट पाहिली. मग म्हटलं, "व्हय, आबा." तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी कशाला हो म्हटलं, ते मला अजून कळलेलं नाही.