मापाड्याची बादली

ओढ्या-नाल्यांचं पाणी मोजणं हेच त्याचं काम, म्हणून सगळे त्याला मापाड्याच म्हणायचे. मोठ्या नद्यांवर यंत्रं असतात. मापाड्याकडे एक पत्र्याची बादली, एक पाइप आणि घड्याळ. ओढ्याला मातीचा बांध घालायचा, त्यातून पाइप काढायचा, बाजूनं थेंबही निसटू द्यायचा नाही आणि बादली किती वेळात भरते ते बघायचं. त्या बादलीला घरात कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. "पोचा आला की माप गेलं," म्हणायचा. बायको म्हणायची, "सवत परवडली, पण ही बादली नको."

यंदा ऐन उन्हाळ्यात त्याच्या वाट्याला नेमका सासुरवाडीचा ओढा आला. बादली ठरलेल्या वेळेत भरली तर वस्तीला नळ मिळणार होते, नाहीतर योजना दुसरीकडे जाणार होती. पाणी वाहून वाहून सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते. तरी त्यांनी जावयाकडे शब्द टाकला नाही. नुसत्या काठावर येऊन बसल्या.

मापाड्यानं बांध घातला, मागचं पाणी स्थिर होऊ दिलं, मग बादली लावली. वेळ संपली तेव्हा ती अर्ध्याच्या जरा वर होती. पुन्हा लावली, पुन्हा तेच. घड्याळ थोडं उशिरा सुरू केलं असतं तर कोण विचारणार होतं? पण त्याचा हात धजला नाही.

सासूबाईंच्या मागोमाग त्यांच्या घरी पोचेपर्यंत त्याच्या घशाला कोरड पडली होती.

"आई, जरा पाणी देता?"

सासूबाई घुटमळल्या. स्वयंपाकघरात सगळे हंडे पालथे होते.

"कालपासून वस्तीत कुणीच भरलं नाही, जावईबापू. म्हटलं, ओढ्यात राहिलं तर तुमच्या मापाला तेवढीच मदत."

वाहतं पाणी कुणासाठी थांबतं? या माणसांनी काल तहान मारून ठेवलेलं पाणी कालच खाली निघून गेलं होतं.

"कमी पडलं, आई," तो म्हणाला.

"आम्ही भरलं नाही तरी?"

"तरी."

त्यानं आपली बादली उचलली आणि ओढ्याकडे गेला. आधी सासूबाईंचे हंडे भरले, मग शेजारणीचे, मग त्यापलीकडचे. चढावर बादली दगडावर आपटली आणि तिला चांगला खोल पोचा आला. तो थांबला नाही.