बिनमाशांची आंगवण

रात्रीच्या जेवणाचा खर्च वाचावा म्हणून मी एकदा देवाला मधे घातलं होतं. आता हे हसत सांगते. तेव्हा मी पन्नाशीच्या आत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. त्या हुशार बाईची आठवण आली की मला तिचे कान पिळावेसे वाटतात.

गोव्यात पेडण्यातलं पार्से माझं माहेर. लग्न होऊन डिचोलीत पाळीला आले, खाणींच्या गावात. ह्यांचा स्वतःचा एक ट्रक होता. खाणीवर खनिज भरायचं, नदीच्या धक्क्यावर ओतायचं, पुन्हा भरायचं. संध्याकाळी परतताना साखळीच्या बाजारातून मासे आणायचे. माशांची पिशवी केबिनच्या आरशाला लटकवलेली असायची आणि वाटभर तो वास सोडत ट्रक आला की आमची मांजर आमच्या आधी दारात. सासूला सगळे आये म्हणायचे. ती सावंतवाडीकडची. सोमवार सोडला तर तिच्या घशाखाली माशाशिवाय भात उतरत नसे. हुमणात, म्हणजे नारळाच्या कालवणात, माशाचा एक तुकडा हवा, तो नसेल तर सुकटीची किसमूर, म्हणजे सुक्या माशांची कोशिंबीर, हवी. तेही नसेल तर ती ताटाकडे असं बघायची, जणू कुणी परक्याचं ताट चुकून तिच्यासमोर ठेवलंय.

मुलीचं लग्न झालं होतं. घरात आम्ही तिघंच.

पावसाळ्यात खाणीचे ट्रक उभेच असतात, त्यात नवल नाही. त्या वर्षी पाऊस गेला तरी ते सुरू झाले नाहीत. खाणी बंद झाल्या म्हणाले. आज उघडतील, चवथीनंतर, दिवाळीनंतर, असं करत मार्च आला. ट्रक अंगणात उभा. हे सकाळी त्याच्या काचा पुसायचे आणि मग दिवसभर सोप्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. कोणी काही विचारलं तर म्हणायचे, ‘‘उघडतील हो.’’

आणि मी काय करत होते? मी जेवण ठरवत होते. ह्या कामात माझ्याइतकी तरबेज बाई तालुक्यात नाही अशी माझी समजूत. एक नारळ दोन दिवस. पहिला रस हुमणाला, दुसरा भाजीला, उरलेला चोथा फोडणीत. माहेरून फणस आला की त्याची चार दिवस चार रूपं. परसातली तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, मोड आलेल्या मुगाची गाठी. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत यायचा, त्याला मी आठ पावांऐवजी चार मागायची आणि वर म्हणायची, ‘‘आमच्याकडे हल्ली पाव कोणी खात नाही रे.’’ पोदेर मान हलवायचा. गावातल्या प्रत्येक घरात हल्ली पाव कोणी खात नव्हतं.

पण मासे! मासे घ्यायचे म्हणजे पैसे लागतात, आणि मासे नाहीत म्हणायचं म्हणजे ह्यांना तोंडावर सांगायचं की तुमच्या घरात आता मासे शिजत नाहीत. ते मला जमेना. म्हणून मी वारांच्या मागे लागले. सोमवार शिवराक होताच, म्हणजे बिनमाशांचा. गुरुवार दत्ताला दिला. शनिवार मारुतीला. मग संकष्टी आणि एकादशी ह्या माझ्या एकदम जवळच्या झाल्या. शुक्रवार देवीचा, मंगळवार गणपतीचा. आये म्हणाली, ‘‘गो, तू एकदम देवभक्त झालंस.’’ मी मान खाली घातली. तिला वाटलं विनयाने. बुधवारला मात्र देव सापडेना आणि रविवारी तर सगळ्या गोव्याला माशांचा वास असतो.

एका बुधवारी मी डोकं चालवलं. भेंडीचं हुमण केलं, पण त्यात बांगड्याच्या हुमणात घालतात तशी मुठीने तिरफळं घातली. वास असा की शेजारच्या घरापर्यंत. आयेने पहिला घास घेतला, कालवण ढवळलं, पुन्हा ढवळलं.

‘‘तिरफळाचो वास येता गो. म्हावरा खय गेला?’’

ह्यांचा हात ताटातच थांबला. मग खाली बघत म्हणाले, ‘‘मासे आणायची ऐपत राहिली नाही, असं सरळ सांग की. तिरफळं कशाला घालतेस?’’

मी त्या वेळी गप्प राहायला हवं होतं. नाहीतर म्हणायला हवं होतं, हो, राहिली नाही. तिघं मिळून रडलो असतो आणि भेंडी खाल्ली असती. पण ती हुशार बाई बोलली.

‘‘ऐपतीचं काय त्यात? मी आंगवण केली आहे.’’

आंगवण म्हणजे नवस. आमच्याकडे हा शब्द उच्चारला की त्याच्यापुढे कोणी चकार शब्द काढत नाही.

‘‘कसली?’’ ह्यांनी विचारलं.

‘‘ट्रक पुन्हा खाणीवर जाईपर्यंत ह्या घरात मासे शिजणार नाहीत.’’

बोलताना माझं मलाच बरं वाटलं. ह्यांची मान वर आली. मासे नसणं ही त्यांची नाचक्की राहिली नाही, माझी भक्ती झाली. आणि दिवस किती लागणार? महिना, दोन महिने. खाणी उघडल्या की सुटलो. आयेने हात जोडून कपाळाला लावले. ‘‘देवाक सांगितलंस ता सांगितलंस. आता मोडूचा नाय.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आयेने मला पुरुमेतचं कपाट उघडायला लावलं. पुरुमेत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. त्यात माहेरहून आलेली सुकटीची बरणी होती, सुके बांगडे होते. त्या सगळ्यावर मी पावसाळा काढायचं ठरवलं होतं. आये म्हणाली, आंगवण असलेल्या घरात सुकंसुद्धा ठेवायचं नाही. मी सगळं उचलून शेजारणीकडे नेऊन दिलं. शेजारीण म्हणाली, ‘‘इतकं? अगं, परत मागशील हो.’’ मी म्हणाले, ‘‘देवाचं आहे, परत कसं मागणार?’’ सगळ्या संसारात इतकी मोठी रक्कम मी कधी एका दमात दान केली नव्हती.

जून गेला, जुलै गेला. खाणी उघडल्या नाहीत. आये आधी अर्धी चपाती टाकू लागली, मग भात. संध्याकाळी ती पेजेचं भांडं पुढ्यात घेऊन कुलेर, म्हणजे चमचा, नुसताच फिरवत बसायची. लोणचं पुढे केलं तर म्हणायची, ‘‘जीभ नाय गो लागत.’’ तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. साखळीच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं. म्हणाले, आजार काही नाही, खायला घाला. काय आवडतं त्यांना?

काय आवडतं हे मला विचारणारे डॉक्टर! मी मान खाली घालून बाहेर आले.

एकदा शेजारीण किसमूर घेऊन आली. आमचीच सुकट होती, मला बघता क्षणी कळलं. तिने बशी आयेच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, ‘‘आये, हे माझ्या घरचं. तुमच्या घरात शिजलेलं नाही. आंगवण कुठे मोडते?’’ वासाने आयेच्या नाकपुड्या फुलल्या. मी दाराआडून बघत होते, मनात म्हणत होते, खा गो आये, खा.

आयेने बशी दूर सारली.

‘‘नको गो बाय. माझ्या सुनेन झिलाच्या ट्रकासाठी आंगवण केल्यान हा. तिचा मोडून माका जावचा खय?’’

मग आली चवथ, आणि त्यानंतर पेडवे, म्हणजे बारीक तारल्या. त्या वर्षी पेडवे इतके आले की नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी, दारात येऊन अक्षरशः ओतून जायला तयार. भाजी महाग झाली होती. दुधी महाग, भेंडी महाग, पालेभाजीला हात लावायची सोय नाही. पेडवे त्या सगळ्यांहून स्वस्त. मी खर्च वाचवायला म्हणून जी आंगवण केली, ती मला रोज दुप्पट पैसे खर्चायला लावत होती. हुशारीची इतकी चोख परतफेड क्वचितच कोणाला मिळाली असेल.

मी ठरवलं, देवाकडूनच सुटका करून घ्यायची. आमच्या देवळात कौल लावतात. ओली पाकळी मूर्तीला चिकटवतात, प्रश्न विचारतात. उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. मी आयेला न सांगता गेले. गुरवाने विचारलं, ‘‘काय मागणं?’’ मी म्हणाले, ‘‘म्हातारी जेवत नाही. आंगवणीतून तिला मोकळं करशील का, म्हणून विचार.’’ त्याने गाऱ्हाणं घातलं. मी डोळे मिटून उभी. मनात म्हणत होते, देवा, तुला सगळं माहीत आहे. मी तुझ्याकडे कधी काही बोललेच नव्हते. ते सगळं जेवणाच्या ताटावर बोलले. आता एवढी पाकळी तेवढी उजवीकडे टाक.

पाकळी डावीकडे पडली. गुरवाने पुन्हा लावली. पुन्हा डावीकडे.

‘‘मोकळं करत नाही तो,’’ गुरव हळूच म्हणाला.

माझ्या थापेवर देवाने सही ठोकली, तीही दोनदा.

तरी मी पेडवे घेतले. घरी येऊन साफ केले, कोकमाचं आगळ घालून, तिरफळं घालून हुमण केलं. वास असा आला की मलाच भूक लागली. ताट वाढून आयेच्या खाटेशी घेऊन गेले, जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. आंगवण नव्हती. कधीच नव्हती. पैसे नव्हते, आणि ह्यांना ते सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी बनवून सांगितलं. देवाशी मी काही बोलले नव्हते. तू खा. पाप असेल तर माझं.

मला वाटलं आता आये शिव्या देईल. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

‘‘माझ्या जिभेसाठी देवाक खोटा पाडतंस? इतकी माया करू नको गो. माझा काय, आज हंय उद्या नाय. तू ह्या ताट घेवन जा.’’

‘‘आये, मी खरं सांगते!’’

‘‘माका ठावक असा तू कशी हस ती.’’

मी तिच्या पायांना हात लावून, मुलीच्या डोक्याची शपथ घेऊन सांगितलं. ती हसली. ती जेवढी हसली तेवढं मला कळत गेलं की ती आता माझं मानणार नाही. खोटं तिने एका बोलण्यात गिळलं होतं. खरं तिला पचेना.

संध्याकाळी हे जेवायला आले. स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. वास आला होता.

‘‘हे काय?’’

मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी ऐकलं. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, ‘‘म्हणजे तू मोडलीस.’’

तेव्हा मला समजलं की आंगवण खरी मानणारी आये एकटीच नव्हती. सोप्यावर बसून रस्त्याकडे बघणारा हा माणूस इतके महिने माझ्या आंगवणीवरच उभा होता. सकाळी काचा पुसत होता तेही तिच्याच भरवशावर. मी त्यांच्यासाठी पाट मांडला, पण ते सोप्यावर जाऊन बसले. मी एकटी जेवले. पाच पेडवे खाल्ले. चांगले झाले होते. मांजरीला काटे टाकले.

त्यानंतर आये नऊ दिवस होती. तिला बघायला गावातल्या बायका यायच्या आणि ती प्रत्येकीला तेच सांगायची. आवाज खोल गेला होता, पण हे सांगायला ताकद यायची. ‘‘माझी सून बघा. माझ्या तोंडात दोन घास जावचे म्हणून देवाक खोटा सांगूक तयार झाली. अशी सून खय मिळता?’’ बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या. मी चहा गाळत उभी असायची. एकदा मी म्हणाले, ‘‘अहो, तसं नाही ते...’’ तर शेजारणीने माझा हात दाबला, ‘‘पुरे आता. मोठेपणा लपवू नकोस.’’

दहाव्या दिवशी सकाळी पेज घेऊन गेले तर ती गेली होती.

दिवाळीनंतर ट्रक भंगारात गेला. न्यायला माणसं आली तेव्हा हे घरात नव्हते, मुद्दाम. आता ते दुसऱ्याच्या मिनीबसवर आहेत आणि घरात मासे होतात. आम्ही दोघं समोरासमोर बसून खातो. त्या संध्याकाळबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही विचारत नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे: आंगवण मोडली नसती तर.

गावात कोणाच्या घरी नवी सून आली की अजून मला बोलावतात. सासू पुढे होऊन तिला सांगते, ‘‘हिच्या पाया पड. सासूसाठी काय करायला निघाली होती बाई, विचार.’’ मुलगी वाकते. पहिल्या दोन-तीन वेळा मी सगळं खरं सांगून बघितलं. ऐकणाऱ्या हसल्या, म्हणाल्या, आजी फार गमतीदार बोलते. आता मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवते आणि तिला एवढंच विचारते की घरात आज काय शिजलंय.