उजवं मडगार्ड

बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारे एक काका आहेत. बोलतात कमी, आणि तेही तिरकस. गेल्या वर्षी त्यांच्याकडे गोल, फुगीर मडगार्डांची एक जुनी पिकअप आली. उजवं मडगार्ड गंजून पार गेलं होतं. मालक म्हणाला, "काका, फायबरचं बसवा. लांबून कळणार नाही."

"मग गाडी लांबच उभी करत जा," काका म्हणाले.

सपाट पत्रा घेऊन ते लाकडी हातोडीने ठोकत बसले. दोनदा गोलाई चुकली, दोन्हीदा त्यांनी पत्रा भंगारात टाकला. तिसऱ्यांदा मला हाक मारली, डोळे मिटायला लावले आणि दोन्ही मडगार्डांवरून माझा हात फिरवला.

"यातलं जुनं कुठलं?"

मला सांगता येईना.

"चला, आता रंगाला हरकत नाही," म्हणत ते उठले.