पालथं झोपून शिकवलेला कॅमेरा

डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी यांना सात दिवस पालथं झोपायला सांगितलं. आतला पडदा सुटला होता. तो चिकटून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा फुगा सोडला होता. मान खाली असली की फुगा पडद्याला दाबून धरतो. मान वर गेली की सरकतो, आणि पडदा पुन्हा सुटला तर डोळा गेला, असं डॉक्टर हिंदीत दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले.

चौथा दिवस रविवार होता. त्या संध्याकाळी साडेपाचच्या आसपास रॉकेट सुटणार होतं.

इथं तमिळ मुलखात, आवडी गावी, आमच्या गच्चीवरून उत्तरेकडच्या तळावरून सुटलेलं रॉकेट दिसतं. हे एका कारखान्यात टर्नर आहेत. पूर्वी एकदा यांच्या लेथवर रॉकेटसाठी कसल्याशा कड्या झाल्या होत्या. त्या कुठल्या रॉकेटला लागल्या ते कुणी सांगितलं नाही, म्हणून हे प्रत्येक रॉकेट आपलंच समजतात. जुना कॅमेरा घेतला तोही त्यासाठी.

सकाळी उशीत तोंड ठेवूनच म्हणाले, "दोन मिनिटं गच्चीवर जाऊन येतो. मान खालीच ठेवतो."

"मान खाली ठेवून रॉकेट कसं दिसणार?"

"एकदाच वर बघेन."

लग्नाला तेवीस वर्षं झाली, यांना मी कधी कशाला अडवलं नाही. अडवायचं कसं तेच येत नाही. मी म्हणाले, "फोटो मी काढते. तुम्ही उठू नका."

हे उशीत हसले. "तू? मिक्सरचं बटण दोनवर न्यायला घाबरतेस."

"शिकवा मग."

मी चौथीपर्यंत शिकले आहे. यांनी सांगितलं ते वहीत लिहून घेतलं. मोठी चकती एमवर, म्हणजे सगळे आकडे आपल्या हातानं लावायचे. आयएसओ शंभर. छिद्राचा आकडा आठ. शटर पाचशे, म्हणजे एका सेकंदाचे पाचशे तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्यापुरतंच झाकण उघडतं. आपोआप होणारा फोकस बंद करायचा, कारण मोकळ्या आकाशात तो शोधतच बसतो आणि तोवर रॉकेट निघून जातं. लांबच्या मोबाइल टॉवरवर फोकस लावायचा आणि रिंगला चिकटपट्टी मारायची, म्हणजे ती हलत नाही.

"आकाश जरा काळसर आलं तरी चालेल," हे म्हणाले. "फार उजळ काढलंस तर आगीच्या जागी पांढरा डाग येईल."

एक गोष्ट मी यांना सांगितली नाही. रविवारी राहुकाळ साडेचार ते सहा असतो. गावी आम्ही हे कधी पाहिलं नाही. इथल्या रोज फाडायच्या कॅलेंडरनं मला ते शिकवलं, आणि आता त्या दीड तासात मी नवीन कामाला हात लावत नाही. यांना सांगितलं तर हसतात. पण यांचा डोळा असा टांगणीला लागलेला असताना मी राहुकाळात काही सुरू करावं आणि वाईट व्हावं, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या अक्कांना विचारलं. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "साडेचारच्या आत सगळं लावून ठेव. मग नुसतं बटण दाबायचं. ते काही नवं काम नाही."

मला ते पटलं. सव्वाचारला कडक उन्हात स्टँड उभा केला, सगळे आकडे लावले, चिकटपट्टी मारली आणि हात काढून घेतला.

पाचनंतर गच्चीवर माणसं जमली. मी कॅमेऱ्याजवळ कोपऱ्यात उभी. कठड्यावर मोबाइल यांच्या फोनला जोडून स्पीकरवर चालू ठेवला होता. खाली हे पालथे पडून टीव्ही ऐकत होते. ऊन उतरत गेलं.

"एक फोटो काढून बघ. कसा येतो?"

"काळा."

"टॉवर दिसतो का त्यात?"

"नाही."

"आकडे कधी लावलेस?"

"सव्वाचारला."

"अगं, तेव्हा ऊन होतं. शटर साठवर आण, जास्त उजेड आत येईल. मागची छोटी चकती फिरव."

आता चकतीला हात लावणं म्हणजे राहुकाळात नवं काम. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

"ऐकतेस ना? राहू दे. मीच येतो."

फोनमधून खाट करकरली.

"झोपून राहा, मी फिरवते," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं की गच्चीवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. चकती नऊ वेळा टक् टक् करत साठवर आली. अक्कांनी तोंड फिरवलं.

"सुटलं," हे फोनवर म्हणाले. आकाशात काहीच नव्हतं. मग नारळाच्या झाडांमागून केशरी ठिपका वर आला आणि मी बटण दाबून धरलं. रॉकेट मी नीट पाहिलंच नाही. कान फोनकडे होते. त्यातून ना टीव्ही ऐकू येत होता, ना हे. कॉल तुटला होता.

कॅमेरा अक्कांच्या हवाली करून मी धावत खाली आले. हे जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे होते. पायात चपला, हनुवटी छातीला टेकलेली, हात भिंतीवर.

"वर बघितलंत?"

"नाही."

"खरं सांगा."

"सगळे ओरडले तेवढं ऐकलं. मान नाही उचलली."

मी यांना धरून आत नेलं आणि परत पालथं झोपवलं. नंतर अक्कांकडून कॅमेरा आणून खाटेच्या कडेवरून यांना दिसेल असा जमिनीवर ठेवला. चांगल्या डोळ्यानं हे एकेक फोटो बघत गेले. बऱ्याच फोटोंत नुसतं आकाश होतं. एकात खालच्या कोपऱ्यात आग आणि मागे तिरकी पांढरी रेघ.

"वाकडा आहे," म्हणाले. मग म्हणाले, "पण आग बरोबर आली."

मला फोटोचं काही वाटलं नाही. यांनी खरंच वर बघितलं नव्हतं का, एवढंच डोक्यात होतं. तीन दिवस मी भाजीत मीठ दोनदा घालत होते. बुधवारी डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकला, बराच वेळ पाहिलं आणि पडदा जागेवर आहे म्हणाले.

परत येताना रिक्षात यांनी विचारलं, "फोटो आलाच नसता तर काय केलं असतंस?"

"छान आलाय म्हणून सांगितलं असतं," मी म्हणाले. "आणि सात दिवस संपेपर्यंत कॅमेरा लपवून ठेवला असता."